विषारी हल्ल्याविरुद्धची सज्जता

रासायनिक किंवा जैविक दहशतवादाविरुद्धची सज्जता म्हणजे मुख्यतः ओळखण्याची सज्जता. बॉम्ब फुटला की काय झाले ते कोणाला सांगावे लागत नाही. विषारी वायू सोडला गेला, तर पहिली काही मिनिटे माणसे नुसती खोकत असतात, डोळे चोळत असतात आणि एकमेकांना ‘कसला वास येतोय’ म्हणून विचारत असतात. अन्नातून किंवा हवेतून रोगजंतू पसरवले, तर पहिले काही तास, कधी काही दिवस, काहीच घडत नाही. नंतर ताप, जुलाब किंवा न्यूमोनियाचे रुग्ण वेगवेगळ्या दवाखान्यांत वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात आणि प्रत्येकाला ती साथ वाटते. त्यामुळे येथे तोफा-रणगाड्यांना फारसे काम नाही. द्रव्य कोणते ते सांगणे, दूषित भागात शिरून माणसे बाहेर काढणे, त्यांना धुऊन स्वच्छ करणे, उतारा देणे आणि ती जागा पुन्हा वापरण्याजोगी करून देणे, ही लष्कराकडून अपेक्षित असलेली कामे.

या कामांची भारतातील बरीचशी शिदोरी पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात एकवटलेली आहे. मुळशी तालुक्यातील घोटावडे हे गाव मध्यभागी धरले, तर पस्तीस-चाळीस किलोमीटरांच्या आत चार महत्त्वाच्या संस्था येतात : दापोडीचे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग म्हणजे सीएमई, पाषाणची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची (एनआयव्ही) अतिसुरक्षित प्रयोगशाळा, सुदुंबरे येथील राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) पाचवी बटालियन आणि लोणावळ्याचे नौदलाचे आयएनएस शिवाजी. त्याच टप्प्यात हिंजवडीच्या आयटी कंपन्या आहेत आणि पिरंगुट-उरवडे पट्ट्यातले कारखानेही आहेत. धोका आणि त्यावरचा तोडगा असे शेजारी-शेजारी नांदताना फार ठिकाणी दिसत नाहीत.

जैविक हल्ला ही परदेशातली गोष्ट, असा एक समज असतो. प्रत्यक्षात रोगजंतू शस्त्र म्हणून वापरल्याचे एक जुने, न्यायालयात सिद्ध झालेले प्रकरण मुंबईतून सुरू होते. बंगालकडच्या पाकुड जमीनदारीत बिनयेंद्र पांडे आणि त्याचा धाकटा सावत्र भाऊ अमरेंद्र यांच्यात इस्टेटीचा वाद होता. बिनयेंद्राचा साथीदार डॉ. तारानाथ भट्टाचार्य याने प्लेगच्या जंतूंचे कल्चर मिळवण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे प्रयत्न केले, पण तेथे त्याची डाळ शिजली नाही. मग १९३३मध्ये संशोधनाच्या नावाखाली त्याने आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, प्रवेश मिळवला आणि उंदरांवर प्रयोग करून जंतू जिवंत असल्याची खात्री करून घेतली. २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्थानकाच्या गर्दीत एक माणूस अमरेंद्रला घासून गेला आणि त्याच्या दंडात काहीतरी टोचले. ४ डिसेंबरला अमरेंद्र मरण पावला. रक्ताचे कल्चर करून घेण्याची दक्षता डॉक्टरांनी घेतली नसती, तर तो साधा तापाचा मृत्यू म्हणून विसरला गेला असता. सत्र न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. रोगजंतूंच्या साठ्यापर्यंत कोणाचा हात पोहोचतो यावर पहारा ठेवणे, हा जैविक सुरक्षेचा पहिला नियम आहे. हाफकिनने तो पाळला, दुसरीकडे दार उघडे राहिले.

दुसरे उदाहरण पुण्यातून निघून अमेरिकेत घडले. कोरेगाव पार्कमधील रजनीश आश्रमाचा मुक्काम १९८१मध्ये ऑरेगन राज्यात हलला. तेथील वास्को काउंटीच्या १९८४च्या निवडणुकीत आपली माणसे निवडून यावीत, यासाठी स्थानिक मतदारांना मतदानाच्या दिवशी अंथरुणात ठेवण्याचा बेत आश्रमातील काही जणांनी आखला. त्याची चाचणी म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द डॅल्स या गावातील दहा हॉटेलांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळण्यात आले. ७५१ लोक आजारी पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. यातला खरा धडा तपासाचा आहे. आरोग्य खात्याने आधी हॉटेलातल्या कामगारांच्या हातांच्या अस्वच्छतेवर ठपका ठेवला. वर्षभराने खुद्द रजनीशांनीच आपल्या माजी सचिव शीला यांच्यावर जाहीर आरोप केले आणि आश्रमाच्या प्रयोगशाळेतल्या कुप्या सापडल्या, तेव्हा कुठे तो हल्ला होता हे सिद्ध झाले. अमेरिकेसारख्या देशाला एका गावातले विष ओळखायला एक वर्ष लागले, तेही आतल्याच माणसांच्या तोंडून. अलीकडे, जानेवारी २०१९मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंब्रा आणि औरंगाबाद येथून नऊ जणांना अटक केली, तेव्हाही मंदिराच्या महाप्रसादात विष कालवण्याचा कट असल्याचा आरोप ठेवण्यात आला होता. अन्न आणि पाणी ही अशा हल्ल्यांची सर्वांत सोपी वाट आहे.

रासायनिक हल्ल्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण टोकियोचे. २० मार्च १९९५ रोजी सकाळी आठच्या सुमारास ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सरिन हे द्रव्य सोडले. १३ जण मेले. पुढे पंचवीस वर्षे अंथरुणाला खिळलेली एक महिला २०२०मध्ये वारली. पाच हजारांवर लोक रुग्णालयांत धावले. एकट्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी ६४० रुग्ण आले, आणि त्यांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना त्रास झाला, कारण रुग्णांना आत घेण्यापूर्वी कपडे उतरवून धुण्याची काहीच सोय नव्हती. अग्निशमन दलाने आधी द्रव्याचे नाव चुकीचे कळवले. सरिन असल्याचे पोलिसांनी जाहीर करेपर्यंत तीन तास गेले होते. डबे आणि फलाट स्वच्छ करण्याचे काम मात्र जपानी लष्कराच्या रासायनिक तुकड्यांनी चोख केले. म्हणजे लष्कर कमी पडले नाही. त्याच्या आधीचे तीन तास कमी पडले.

सरिन, टॅबून, व्हीएक्स ही मज्जासंस्थेवर घाला घालणारी द्रव्ये. नसांमधला संदेश पोहोचल्यावर तो पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते; ही द्रव्ये त्या विकरालाच जखडून ठेवतात. संदेश थांबत नाहीत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, छाती भरते, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास थांबतो. हे वर्णन महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयात काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला ओळखीचे वाटेल, कारण ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके त्याच कुळातली आहेत. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या फवाऱ्यांत या गटातली औषधेही होती. उपचारही तेच : ॲट्रोपिन, आणि विकराची जखडण सोडवणारे प्रॅलिडॉक्झिम, ज्याला डॉक्टर ‘पॅम’ म्हणतात. सैनिकाला हीच औषधे स्वतःच्या मांडीत कपड्यांवरूनच टोचता यावीत, यासाठी डीआरडीओ या संरक्षण-संशोधन संस्थेने आपोआप टोचणारी सुई तयार केली आहे. कोणी फारसे बोलत नाही, पण या एका बाबतीत महाराष्ट्राचा तालुक्याचा डॉक्टर टोकियोच्या डॉक्टरापेक्षा जास्त तयारीचा आहे.

मस्टर्ड वायूची गोष्ट वेगळी. त्याने लगेच दुखत नाही. काही तासांनी कातडीवर फोड येतात, डोळे आणि श्वासनलिका भाजून निघतात, आणि त्यावर नेमका उतारा नाही. भारताचा स्वतःचा रासायनिक साठा याच द्रव्याचा होता. १९९२च्या ऑगस्टमध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी रासायनिक शस्त्रे बनवणार किंवा बाळगणार नाही असे संयुक्त निवेदन केले. पुढे रासायनिक शस्त्रबंदी करारानुसार १९९७मध्ये भारताने १,०४४ टन सल्फर मस्टर्ड आपल्याकडे असल्याचे जाहीर केले, तेव्हा शेजाऱ्यांच्या भुवया उंचावल्या त्या साहजिकच. मात्र जाहीर केलेला हा साठा आंतरराष्ट्रीय निरीक्षकांसमोर २००९पर्यंत पूर्ण नष्ट करण्यात आला. आज या क्षेत्रातले संशोधन ग्वाल्हेरच्या डीआरडीई प्रयोगशाळेत होते आणि ते बचावापुरते असते. शोधक यंत्रे, संरक्षक पोशाख, मुखवट्याच्या गाळण्या अशी कामे तेथे चालतात. हवेतले विषारी द्रव्य हुंगून धोक्याचा इशारा देणारी २२३ यंत्रे लष्करासाठी घेण्याचा करार फेब्रुवारी २०२५मध्ये लार्सन ॲंड टुब्रोशी झाला. त्यांचे तंत्र ग्वाल्हेरचेच आहे. दूषित रणभूमीची टेहळणी करणारे चिलखती वाहन तेव्हाच्या अहमदनगरच्या व्हीआरडीई या डीआरडीओच्या संस्थेने विकसित केले.

सैन्यात या विषयाला सीबीआरएन म्हणतात : रासायनिक, जैविक, किरणोत्सारी आणि आण्विक या चार धोक्यांची इंग्रजी आद्याक्षरे. त्याचे प्रशिक्षण इंजिनिअर्स कोअरकडे आहे आणि सीएमईत त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तिन्ही दलांचे अधिकारी, निमलष्करी दले आणि नागरी यंत्रणांतली माणसेही येथे शिकून जातात. नौदलाचे असेच केंद्र लोणावळ्याला आयएनएस शिवाजीच्या आवारात आहे. ‘अभेद्य’ या नावाची ही प्रशिक्षण-व्यवस्था जानेवारी २०१९मध्ये सुरू झाली आणि ती गोवा शिपयार्डने उभारली. त्याआधी नौसैनिकांना हा विषय वर्गातच शिकावा लागे. आता प्रत्यक्षासारख्या परिस्थितीत सराव होतो.

हा सराव कसा असतो, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. पोशाखाच्या कापडात सक्रिय कोळशाचा थर असतो. हवा आत येते, पण विषाचे रेणू कोळशाला चिकटून राहतात. त्यावर रबरी हातमोजे, बुटांवरचे बूट आणि गाळणी लावलेला मुखवटा. दाढी वाढलेली असेल तर मुखवटा गालाला नीट बसत नाही. आत गेल्यावर नाक खाजले तरी हात लावता येत नाही. मे महिन्याच्या उन्हात अशा पोशाखात माणूस फार वेळ काम करू शकत नाही, म्हणून तुकड्या आलटून-पालटून पाठवाव्या लागतात आणि बाहेर आलेल्याची नाडी तपासली जाते. संशयित थेंबाला तिरंगी शोधक कागद टेकवतात : मस्टर्ड असेल तर कागद लाल होतो, सरिनच्या गटातले द्रव्य असेल तर पिवळा, व्हीएक्स असेल तर हिरवा. काही द्रावकेही त्यावर खोटे रंग उमटवतात, त्यामुळे कागदावर विसंबून निर्णय घेत नाहीत. यंत्राने आणि नंतर प्रयोगशाळेत खात्री करतात.

घटनास्थळाचे तीन भाग पाडतात. आतला हॉट झोन, जेथे विष आहे; मधला वॉर्म झोन, जेथे माणसे धुतली जातात; आणि बाहेरचा कोल्ड झोन, जेथे रुग्णवाहिका उभ्या राहतात. धुण्याची रांग नेहमी वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावतात. जखमी माणसाचे कपडे आधी कापून काढतात, कारण नुसते कपडे काढल्यानेच अंगावरचे बरेचसे विष जाते. डोक्यावरून ओढून काढले तर ते चेहऱ्याला लागते. मग भरपूर पाणी आणि साबण. पाणी नसेल तेव्हा सैनिकाच्या खिशातल्या पुडीतली फुलर्स अर्थ अंगावर दाबून, थेंब शोषून झटकून टाकतात. ही फुलर्स अर्थ म्हणजे वाणसामानाच्या दुकानात मिळते ती मुलतानी माती.

देशात हल्ला झाला तर लष्कर आपणहून रस्त्यावर येत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाची असते. लष्कर नागरी प्रशासनाच्या मागणीवरून मदतीला येते. मधली कडी एनडीआरएफची. २००६मध्ये हे दल उभे राहिले तेव्हाच त्याच्या काही बटालियनना सीबीआरएनचे प्रशिक्षण देण्याचे ठरले होते. सुदुंबऱ्याची पाचवी बटालियन लोकांना आठवते ती माळीणच्या २०१४मधल्या दरडीमुळे. पण वायुगळतीलाही तीच जाते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जैविक आपत्तीसाठी २००८मध्ये आणि रासायनिक दहशतवादासाठी २००९मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या वाचताना एक गोष्ट जाणवते : कागदावर काही कमी नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये चेन्नईत राष्ट्रीय सुरक्षा रक्षक (एनएसजी) दल आणि अमेरिकी विशेष दलांच्या ‘तर्कश’ सरावात रासायनिक अस्त्रे घेऊन सभागृहात शिरलेल्या अतिरेक्यांचा प्रसंग रंगवला होता. असे सराव महानगरांत होतात, तालुक्यांत क्वचित.

जैविक बाजू जवळजवळ पूर्णपणे नागरी आहे, आणि तिचे केंद्र पुण्यात आहे. १९५२मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या एनआयव्हीकडे २०१२मध्ये पाषाण येथे बीएसएल-४ या सर्वोच्च जैवसुरक्षा दर्जाची प्रयोगशाळा आली. या दर्जाच्या प्रयोगशाळेत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे फट पडली तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. आत काम करणाऱ्याच्या पोशाखात मात्र दाब जास्त असतो, म्हणजे पोशाखाला भोक पडले तर हवा बाहेर सुटते. बाहेर पडताना रसायनांची आंघोळ सक्तीची. २०११मध्ये गुजरातमधला क्रिमियन-काँगो ताप, २०१८मध्ये केरळातला निपाह, ३० जानेवारी २०२०ला देशातला पहिला कोविड रुग्ण, या निदानांवर याच संस्थेने शिक्कामोर्तब केले. नमुना पुण्याला पोहोचेपर्यंतचा वेळ वाचवण्यासाठी त्याखालच्या दर्जाची फिरती बीएसएल-३ प्रयोगशाळाही बनली. तिचे उद्घाटन फेब्रुवारी २०२२मध्ये नाशिकला झाले. बंगालच्या उपसागराच्या परिसरातील देशांचा ‘पॅनेक्स-२१’ हा आपत्ती-निवारणाचा सराव डिसेंबर २०२१मध्ये पुण्यातच झाला आणि त्यात महासाथ चालू असताना आलेली नैसर्गिक आपत्ती हाच प्रसंग धरला होता.

साथ नैसर्गिक की घडवून आणलेली, हा प्रश्न महाराष्ट्राला १९९४मध्ये पडून गेला आहे. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण दिसले, सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आला आणि पाठोपाठ परकीय कारस्थानाच्या वावड्या उठल्या. पुरावा मिळाला नाही. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर उंदीर आणि पिसवा वाढल्याचे साधे स्पष्टीकरण अनेकांना पटणारे होते. अशा वेळी रोगशास्त्रज्ञ काही खुणा पाहतात : त्या भागात, त्या ऋतूत कधी न होणारा रोग, एकाच वेळी, एकाच ठिकाणी हजर असलेल्या लोकांत झालेला उद्रेक, जनावरांत काही नसताना माणसांत अँथ्रॅक्स. अमेरिकेत २००१मध्ये टपालातून आलेल्या अँथ्रॅक्सच्या भुकटीने पाच जण मेले, तेव्हा पहिला संशय फ्लोरिडातल्या एका सावध डॉक्टरला आला, सैन्याला नव्हे. भारतात ही नजर ठेवण्याचे काम २००४पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाकडे आहे. साथ आवरण्याचा कायदेशीर अधिकार मात्र कोविडच्या काळातही बऱ्याच अंशी १८९७च्या कायद्यावर उभा होता. तो मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी केला होता.

घोटावड्यासारख्या गावाच्या दृष्टीने हल्ल्यापेक्षा अपघाताची शक्यता कितीतरी जास्त आहे, आणि पहिल्या तासात दोन्ही सारखेच दिसतात. ७ जून २०२१ रोजी घोटावडे फाट्यापासून काही किलोमीटरवर, उरवड्याच्या हद्दीत, पाणी शुद्ध करण्यासाठी क्लोरिन डायऑक्साइड तयार करणाऱ्या कारखान्याला आग लागली. १७ कामगार मेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. जेसीबीने भिंत फोडून आत जावे लागले, आणि ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. मुंबईत १४ जुलै २०१० रोजी शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरिन गळले आणि शंभराहून अधिक जणांना रुग्णालय गाठावे लागले. कोणीही हल्ला केलेला नव्हता. घातक रसायनांच्या साठ्याबाबत १९८९चे आणि रासायनिक अपघातांबाबत १९९६चे नियम आहेत. मोठ्या धोक्याच्या कारखान्याला कुंपणाच्या आतली योजना स्वतः करावी लागते आणि बाहेरची जिल्हा प्रशासनाने करायची असते. छोटा कारखाना या यादीत येत नाही. उरवड्यातली तयारी जर कुठे हुकली असेल, तर याच फटीत.

पहिला तास गावाचाच असतो. क्लोरिन हवेपेक्षा अडीचपट जड आहे, ते ओढ्यात आणि तळघरात साचते. म्हणून वाऱ्याच्या दिशेने न पळता त्याला आडवे निघून उंचावर जायचे. बाहेर पडणे शक्य नसेल तर वरच्या मजल्यावर, दारे-खिडक्या बंद करून, फटींना ओले कापड लावून थांबायचे. १०८ला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ला फोन करताना वास, रंग, वाऱ्याची दिशा आणि किती जणांना काय होते आहे ते सांगायचे. पोशाख कोणता घालून यायचे हे एनडीआरएफ त्यावरून ठरवते. पाण्याच्या बाबतीत तर गावोगाव पसरलेली तपासणी-व्यवस्था ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक चालवतो. तो रोज नळाच्या पाण्यात ओटी या रसायनाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहतो, म्हणजे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक आहे की नाही ते कळते. टाकीत नेहमीएवढे क्लोरिन सोडूनही एखाद्या सकाळी रंग आलाच नाही, तर कशाने तरी ते खाऊन टाकले आहे : फुटलेल्या गटाराने, शेणाने किंवा कोणी मुद्दाम मिसळलेल्या घाणीने. कोणतेही कारण असले तरी त्या दिवशी पाणी सोडायचे थांबवून नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा असतो.